उलार आणि धुरजड : ब्रेकच्या तोलाची गोष्ट

आमच्या वाशिमकडे बैलगाडीला बंडी म्हणतात आणि ती हाकणाऱ्याला धुरकरी. बंडीत कापूस किंवा सोयाबीनची पोती भरताना धुरकऱ्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं, ती म्हणजे वजन कुठे पडतंय. मागे जास्त भरलं तर गाडी 'उलार' होते, म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरलं तर गाडी 'धुरजड', सगळा भार बैलांच्या मानेवर. अनुभवी माणूस जू एका हाताने उचलून बघतो आणि सांगतो, "एक पोतं मांगं सरकव." ना वजनकाटा, ना कॅल्क्युलेटर. मेकॅनिकलच्या चार वर्षांत सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी या विषयावर मी जितके पेपर दिले, त्या सगळ्यांचं सार या एका वाक्यात आहे (आणि मार्क मात्र आम्हाला मिळाले!).

तर मंडळी, या वीकएंडचा विषय आहे गाडीचे ब्रेक. त्यातही पुढचे आणि मागचे ब्रेक यांच्यातला तोल. विषय रुक्ष वाटेल, पण याचा इतिहास फार मजेशीर आहे, आणि थोडा रक्ताळलेलाही.

मोटारगाडीची सुरुवात झाली तेव्हा ब्रेक हा विषय कोणाच्या खिजगणतीतच नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाईंनी एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगचा जन्म असा झाला. ते ब्रेक अर्थातच मागच्या बाजूचे. त्यानंतर तीसेक वर्षं जवळजवळ सगळ्या गाड्यांना ब्रेक फक्त मागेच असत. कारणंही पटण्यासारखी होती. पुढची चाकं वळतात, मग त्यांच्यापर्यंत दांड्या आणि केबल न्यायच्या कशा? आणि पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग हातातून जाणार. काहींना तर गाडी कोलांटी खाईल अशीच भीती वाटे. आपण लहानपणी सायकल शिकताना "पुढचा ब्रेक दाबू नको" हे ऐकलंय ना, अगदी तसंच.

१९०९ च्या सुमारास स्कॉटलंडच्या अॅरल-जॉन्स्टन कंपनीने चारही चाकांना ब्रेक असलेली गाडी काढली आणि थोड्याच काळात तो नाद सोडूनही दिला. पाठोपाठ इटलीच्या इसोता फ्रास्कीनीने १९१० मध्ये पुढचे ब्रेक आणले. गिऱ्हाईक बिचकूनच होतं.

मग आली ४ जुलै १९१४ ची फ्रेंच ग्राँ प्री, लिऑन शहराजवळची. साराजेव्होतल्या खुनाला सहा दिवस झाले होते, पहिलं महायुद्ध दारात उभं होतं, आणि फ्रान्स विरुद्ध जर्मनी असा सामना रस्त्यावर रंगला. पर्जो, देलाज, फियाट आणि पिकार-पिक्ते या गाड्यांना चारही चाकांना ब्रेक होते. मर्सिडीजला फक्त मागे. आता कोण जिंकलं असेल? मर्सिडीज! पहिला, दुसरा आणि तिसरा, तिन्ही नंबर. पर्जोचा जॉर्ज ब्वालो वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक मारू शकत होता, बराच वेळ पुढेही होता, पण टायर सारखे दगा देत राहिले आणि शेवटच्या फेरीत गाडीच बंद पडली. यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे पर्जोच्या निमुळत्या शेपटीत जास्तीची चाकं कोंबलेली होती, आणि त्या मागच्या वजनामुळे गाडी नीट हाताळता येत नव्हती असं बरेच जण मानतात. म्हणजे जगातले उत्तमोत्तम ब्रेक असलेली गाडी चक्क उलार झाली होती. आमचा धुरकरी तिथे असता तर स्पर्धेच्या आधीच बोलला असता.

'बघा, पुढच्या ब्रेकशिवायही जिंकता येतं' असा सोयीस्कर निष्कर्ष काढायला लोक मोकळे होते. पण इंजिनिअर मंडळींनी तो काढला नाही, हे आपलं नशीब. १९१९ मध्ये हिस्पानो-सुइझाने चारही चाकांचे ब्रेक आणि त्याला गाडीच्याच गतीतून, गिअरबॉक्समार्फत मदत देणारा सर्व्हो आणला, जो पुढे रोल्स-रॉइसनेही परवाना घेऊन वापरला. १९२१ मध्ये ल मान्सला झालेल्या फ्रेंच ग्राँ प्रीत अमेरिकेचा जिमी मर्फी ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकला. त्या गाडीचे चारही ब्रेक हायड्रॉलिक होते.

हायड्रॉलिक ही तोलाच्या दृष्टीने खरी क्रांती. त्याआधी दांड्या आणि केबल असत, आणि प्रत्येक चाकाचा ताण वेगळा लावावा लागे. एक केबल जरा सैल झाली की गाडी बाजूला ओढलीच. द्रवात मात्र दाब सगळीकडे सारखाच पोचतो (पास्कलसाहेबांची कृपा). मग कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा हे त्या चाकाजवळच्या सिलिंडरच्या आकारावर ठरतं, आणि हा आकार ठरतो कारखान्यात, एकदाच. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रमाण 'हार्डकोड' झालं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळातली आणखी एक गंमत. १९२० च्या दशकात चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्यांच्या मागे लाल त्रिकोणाची पाटी लावत. अर्थ असा की बाबा रे, मी झटक्यात थांबू शकतो, तुझी गाडी थांबणार नाही, तेव्हा अंतर ठेव. स्वतःचे ब्रेक सुधारले की मागच्याचं काय होईल याचा विचार शंभर वर्षांपूर्वी लोक करत होते!

आता थोडं गणित. कंटाळू नका, एक्सेल शीटमधले चारच आकडे देतो. समजा आपली हॅचबॅक १२०० किलोची आहे. उभी असताना पुढच्या चाकांवर ६२ टक्के, म्हणजे ७४४ किलो, मागे ४५६. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर, दोन आसांमधलं अंतर २.४६ मीटर. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड ०.९ धरू. पूर्ण ब्रेक मारला की गाडी नाकावर येते, म्हणजे सुमारे २४० किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे झाले ९८५, मागे उरले फक्त २१५! म्हणजे त्या क्षणी ब्रेकचा जोर पुढे ८२ आणि मागे १८ टक्के असा वाटला गेला पाहिजे. तसा वाटला तर १२० च्या वेगावरून गाडी साधारण ६३ मीटरात थांबते (पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर वेगळं). त्याच शीटमध्ये पुढचे ब्रेक शून्य करून बघितलं, बर्था बाईंच्या काळासारखं. आकडा आला १९९ मीटर.

यात मेख अशी की ८२-१८ हे प्रमाण फक्त कोरड्या रस्त्यापुरतं. पावसात पकड ०.४ झाली की भार कमी सरकतो आणि योग्य प्रमाण होतं ७१-२९. मागच्या सीटवर तीन पाहुणे आणि डिकीत गव्हाचं पोतं असेल तर आणखी वेगळं. प्रमाण दर क्षणाला बदलतं आणि सिलिंडरचे आकार तर हार्डकोड केलेले. मग कोणत्या बाजूने चुकायचं? याचं उत्तर जगभरातल्या नियमांनी एकच दिलंय : जाम व्हायचीच असतील तर पुढची चाकं आधी व्हावीत. पुढची जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची आधी जाम झाली तर मागचा भाग पुढच्याला ओव्हरटेक करायला निघतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आपल्याकडे ब्रेकसाठी आयएस ११८५२ हे मानक आहे आणि गाड्यांची अशी तपासणी करणारी १९६६ साली सुरू झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की शेजारच्या कुंपणाआड आपल्या गाडीचं भविष्य ठरतं?

बदलत्या प्रमाणाचं हे कोडं सोडवायला लोकांनी भारी डोकं लढवलंय. १९५५ ची सित्रोएन डीएस ही माझी सर्वात लाडकी. या गाडीचं सस्पेन्शन तेलाच्या दाबावर चाले. मागे वजन वाढलं की मागच्या सस्पेन्शनमधला दाब वाढे, आणि त्याच दाबावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे ठरे. म्हणजे गाडी स्वतःच स्वतःचं जू उचलून बघत होती! एकही ट्रान्झिस्टर नाही. पुढे याचा गरिबांघरचा अवतार आला, एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह. मागच्या आसाला जोडलेली एक दांडी, माल भरून गाडी बसली की दांडी हलते आणि मागे जास्त दाब सोडते. आपल्याकडे सोयाबीन आणि तूर वाहणाऱ्या पिकअपच्या खाली वाकून बघा, बऱ्याच गाड्यांत दिसेल. गंज धरला की काही गॅरेजवाले ती दांडी तारेने बांधून टाकतात. "ब्रेक लागते न, झालं मंग." लागतात हो, पण रिकामी पिकअप पावसात बाजार समितीतून परत येताना का फिरते त्याचं उत्तर त्या तारेत असतं.

डिस्क ब्रेकची कहाणी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत जग्वारच्या सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या जोरावर बाकीच्यांना धूळ चारली. ड्रम बंदिस्त असतो, तापतो आणि मग पकड सोडतो. डिस्क उघडी असते, वारा लागतो. दोनच वर्षांनी त्याच शर्यतीत मर्सिडीजने ड्रम कमी पडतात म्हणून चालकाच्या पाठीमागे उघडणारी मोठी फळी बसवली होती, विमानासारखी हवेने वेग तोडायला. ११ जून १९५५ ला तिथेच जग्वार पिटमध्ये शिरण्यासाठी वेग तोडत असताना मागची ऑस्टिन-हिली बाजूला वळली, तिच्यावर मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. अपघाताची कारणं अनेक आहेत आणि त्यावर आजही वाद होतात. मला मात्र ती लाल त्रिकोणाची पाटी आठवते.

आपल्याकडे हे सगळं सावकाश पोचलं. मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढे जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं ती, चारही चाकांना ड्रम घेऊनच जगली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. वाशिमसारख्या गावात ती डॉक्टरांची गाडी असे. मारुतीच्या छोट्या गाड्यांनी 'पुढे डिस्क, मागे ड्रम' हे सूत्र घराघरात नेलं, आणि नवशिक्या कारप्रेमींना जे सूत्र कंजूसपणा वाटतं ते खरं तर वरच्या गणितातून आलेलं आहे. ज्या चाकांवर २१५ किलो भार उरणार त्यांना मोठी डिस्क देऊन करायचं काय? शिवाय ड्रममध्ये हँडब्रेक स्वस्तात बसतो.

इलेक्ट्रॉनिक्स आलं ते १९७८ मध्ये, बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याच्या जोडीला येणारं ईबीडी म्हणजे सॉफ्टवेअरमधला एलएसपीव्ही. दर सेकंदाला कित्येकदा चाकांचा वेग मोजून मागचा दाब आवरणारा कोड. हार्डकोडचं शेवटी रनटाइम झालं म्हणायचं.

इथे आमच्या मावसभावाची एंट्री. तो नागपूरला नोकरीला, घर मालेगावला (नाशिकवालं नव्हे, आमचं वाशिमचं!). त्याच्याकडे सेकंडहँड पोलो जीटी आहे, तिचं इंजिन त्याने ट्यून करून घेतलंय. दर शनिवारी समृद्धी महामार्गाने घरी. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव हा आमच्या जिल्ह्यातला पट्टा. याच कारंज्यातून जाणारी शकुंतला रेल्वे मूर्तिजापूर ते यवतमाळ हे ११३ किलोमीटर अंतर कापायला अर्धा दिवस घेत असे, आणि तिथे आता कारला १२० ची वेगमर्यादा आहे. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य याच परिसरात. कुंपण आहे, प्राण्यांसाठी वेगळे मार्ग आहेत, तरी पहाटे एखादा रोही समोर उभा राहणारच नाही याची लेखी हमी कोण देणार? सोबत बहुतेक वेळा मावशी असते.

त्याने पुढच्या चाकांसाठी मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनच्या कॅलिपरचं किट घेतलं. मी विचारलं, मागचं काय? म्हणाला, "दादा, थांबवाचं काम त समोरचेच ब्रेक करतात न, मांगचे कायले बदलवाचे?" प्रश्न चुकीचा नाही, उलट लॉजिकल आहे. म्हणून त्याच्यासमोरच शीट उघडली. किटवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे पुढचा जोर ६० टक्क्यांनी वाढणार होता. आकडा टाकला. ८२-१८ चं झालं ८८-१२. पुढची चाकं लवकर जाम, मागच्या टायरची पकड तशीच पडून. १२० वरून थांबायचं अंतर ६३ वरून ६९ मीटर. गाडी धुरजड झाली. पन्नास-साठ हजार खर्चून सहा मीटर उशिरा थांबायचं!

"पण एबीएस हाय न," तो म्हणाला. बरोबर आहे, आणि इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की शीट पूर्ण चित्र दाखवत नाही. पेडल पूर्ण दाबून ठेवलं तर एबीएस पुढच्या चाकांना आवरतं आणि वाढलेला दाब मागे पोचत राहतो, बरीचशी भरपाई होते. पण पेडल पायाखाली थरथरायला लागलं की बहुतेक लोक घाबरून पाय हलका करतात. दुसरं, ईबीडी मागचा दाब कमी करू शकतं, तुमच्या पायाने दिला त्यापेक्षा जास्त आणणार कुठून? तिसरं, तो कोड मूळच्या पिस्टनच्या आकारावर ट्यून केलेला. हार्डवेअर बदललं आणि कॉन्फिग फाइल जुनीच, याचा परिणाम आपल्या धंद्यात काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग मोठे ब्रेक कशाला असतात? उष्णतेला. १२०० किलोची गाडी १२० वरून थांबवताना सुमारे ६६७ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, ८० वरून २९६. रेस ट्रॅकवर हे दर मिनिटाला दोनतीनदा होतं, तिथे मोठी डिस्क हवीच. एकदाच जीव खाऊन ब्रेक मारायचा असेल तर मूळ ब्रेकही चाकं जाम करू शकतात, त्यापुढची मर्यादा टायरची असते. आणि ज्यांना मोठे ब्रेक खरोखर लागतात ते लोक मागचेही त्याच प्रमाणात वाढवतात. पिस्टनचं क्षेत्रफळ, डिस्कची परिणामकारक त्रिज्या, पॅडचं घर्षण, या तिघांचा पुढचा गुणाकार भागिले मागचा गुणाकार. हा भागाकार मूळ गाडीच्या जवळ ठेवायचा. रेसिंगवाले दोन वेगळे मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार लावून तो गाडीतून बदलता येईल अशी सोय करतात. किटवाल्याला मी फोनवर हाच भागाकार विचारला. "सर, आपले सगळे कस्टमर खूश आहेत" हे उत्तर मिळालं. (नाव लिहीत नाही.) वर कायद्याचा मुद्दा आहेच, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत बदल करण्याबद्दल कडक आहे आणि क्लेमच्या वेळी विमावाले ते तोंडपाठ म्हणतात.

शेवटी त्या पोलोला काय केलं ते सांगतो. चारही टायर चांगल्या प्रतीचे नवीन. पुढे थोडे उष्णता झेलणारे पॅड, पण मूळच्याइतक्याच घर्षणाचे. मागचे ड्रम उघडले तर आत भुकटीच भुकटी, शू एका बाजूला जास्त झिजलेले, ते बदलून अॅडजस्ट केले. ब्रेक ऑइल तीन वर्षं जुनं होतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी धरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि उकळलं की पेडल थेट तळाला. तेही बदललं. रविवारी सकाळी एका मोकळ्या रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही हे बघून ६० वरून तीनचार वेळा पूर्ण ब्रेक मारायला लावला, मुख्यतः पेडल थरथरलं तरी पाय काढायचा नाही याची सवय व्हावी म्हणून. तिसऱ्या वेळी त्याने पाय काढला नाही. चौथ्या वेळी मावशीलाही मागे बसायचं होतं, तिला नाही म्हटलं.

किट खोक्यातच होतं. परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, म्हणून नागपूरच्या एका पोराने ते कमी किमतीत घेतलं. त्याला तो भागाकार सांगितलास का, असं मी भावाला विचारलं. म्हणाला, "तुमचा नंबर देऊन ठेवला न, दादा."